१५ हजारांत जुने हाय-फाय स्पीकर: तीन जोड्या समोर आहेत, कोणती घ्यावी आणि काय तपासावं?

खर्ज_ठाणे

नमस्कार मंडळी. साधारण १९६५ ते १९९५ या काळातले घरगुती हाय-फाय स्पीकर घ्यायचे आहेत. एकूण बजेट १५,००० रुपये, दुरुस्ती आणि वाहतूक धरून. खोली १० बाय १२ फूट, खाली फरशी, भिंती उघड्या. अ‍ॅम्प घरात आहे: ८ ओमला चॅनेलमागे ४० वॉट. ४ ओमचं काही चालेल असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं नाही. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. आवाज मोठा नको, पण डग्गा आणि तानपुरा जसे आहेत तसे ऐकू यायला हवेत.

समोर असलेल्या जोड्या अशा:

अ) सेलेशन डिटन १५. विक्रेता ११,००० म्हणतो. पुढून बघितलं तर दोन मोठे गोल आणि वर ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा गोल). एका गोलातून आवाज येत नाही, तो 'बहुतेक जळलाय', असं त्याचं म्हणणं. दोन्ही डब्यांत तोच गोल मुका आहे.

ब) सत्तरच्या दशकातली जपानी, पुढे कोरीव लाकडी जाळी, १५ इंची वूफर (खर्जाचा मोठा गोल), चार-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे गोल). ९,०००. मागे मधल्या नि वरच्या सुरांसाठी दोन नॉब आहेत, ते फिरवले की खरखरतात आणि एका बाजूचा वरचा आवाज मधूनच जातो.

क) देशी बनावटीची टू-वे, ८ इंची वूफर, नव्वदच्या दशकातली. ४,५००. वूफरच्या कडेचा फोम झडलाय, बाकी डबे चकचकीत.

विक्रेत्याच्या घरी अर्धा तास मिळणार आहे. त्यात काय काय बघावं? कशावरून सरळ नाही म्हणून उठावं? आणि आतले कंडेन्सर बदलावेच लागतात का?

मिलीओहम

ब्रँड सगळ्यात शेवटी बघा. एवढ्या जुन्या स्पीकरमध्ये पहिला प्रश्न हा, की वूफरच्या कोनाभोवतीची (कोन म्हणजे आतबाहेर हलणारा शंकू) कडा, म्हणजे सराउंड, कशाची आहे.

फोमची असेल तर ती गेलेली आहे किंवा जाणार आहे. हा पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. स्पीकर वाजवला नाही, कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, तरी काही फरक पडत नाही. १५-२० वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. मुंबई-कोकणात त्याच्याही आधी. बोटाने हलकं टोकलं की पिठासारखा गळतो नाहीतर बोटाला चिकटतो. रबराची कडा खूप टिकते, फक्त कधी कधी कडक होते. डोप (चिकट लेप) लावलेलं कापड आणि कोनाच्याच कागदाच्या चुण्या पाडून केलेली कडा ही दोन्ही पन्नास वर्षं सहज काढतात. कापडावरचा डोप मात्र काही जपानी वूफरमध्ये सुकून कडक होतो. मग कोन हलतच नाही आणि खर्ज जातो. दाबून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

सोबत न्या: मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल, फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणि ॲलन कीचा संच, टॉर्च, दोन मीटर वायर, फोन. शक्य असेल तर स्वतःचा अ‍ॅम्पसुद्धा. विक्रेत्याच्या अ‍ॅम्पवर बास आणि ट्रेबलचे नॉब दोन वाजताच्या काट्यावर नेऊन ठेवलेले असतात.

पहिल्यांदा जाळ्या काढायला लावा. 'जाळी निघत नाही' हे उत्तर आलं तर किंमत निम्मी धरा किंवा घरी जा. वूफर, ट्वीटर दोन्ही डब्यांत सारखेच आहेत ना? स्क्रूची डोकी सारखी आहेत ना? एका वूफरचे स्क्रू चकचकीत आणि दुसऱ्याचे गंजलेले असतील तर एक कधीतरी उघडला गेलाय.

मग कोन दाबून बघा. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मधल्या टोपीच्या भोवती, सारख्या अंतरावर ठेवायची आणि कोन सरळ ३-४ मिलिमीटर आत न्यायचा. एका बाजूने दाबलं तर कोनामागची तारेची कॉईल चांगली असली तरी चुंबकाला घासते आणि उगाच घोळ होतो. सरळ दाबूनही वाळूसारखी खरखर लागली तर कॉईल घासते आहे. जास्त तापून कॉईलचा आकार बिघडला, आपटल्यामुळे चुंबक सरकलं, किंवा चुंबकाच्या फटीत गंज धरला, अशी तीन कारणं असतात. किनारपट्टीवरच्या मालात तिसरं कारण बरंच दिसतं. तिन्ही महाग. अशी जोडी घेऊ नका.

ट्वीटरच्या घुमटाला बोट लावायचं नाही. आत गेलेला घुमट दिसला तर कोणीतरी आधीच बोट लावलेलं आहे.

आता मीटर. २०० ओमची रेंज लावा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा रोध बघा (०.३ ते ०.५ ओम येतो) आणि तो वजा करत चला. ८ ओमचा वूफर मीटरवर ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओमचा ३ ते ३.६. मीटरवर ८ दिसत नाही म्हणून घाबरू नका, छापलेला आकडा एसी प्रवाहाचा असतो. डावा आणि उजवा यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक नको. ६.१ आणि ६.२ उत्तम. ६.१ आणि ४.३ असेल तर एकाची कॉईल आतल्या आत शॉर्ट आहे किंवा तो वूफर दुसऱ्याच मॉडेलचा आहे.

बहुतेक लोक एका ठिकाणी फसतात. मागच्या टर्मिनलवर मीटर लावलं की वाचन मुख्यतः वूफरचंच येतं. ट्वीटरच्या आधी कंडेन्सर असतो, तो डीसी प्रवाह अडवतो, म्हणून ट्वीटर जळलेला असला तरी मागून वाचन झकास येतं. ट्वीटर मोजायचा तर त्याचे स्क्रू काढून, त्याची एक वायर सोडवून, थेट त्याच्यावरच मीटर लावायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे. विक्रेता त्याला नाही म्हणत असेल तर ट्वीटर गेलाय असं धरूनच भाव करा.

सेलची परीक्षा: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, धन टोक लाल टर्मिनलला, ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर यायला हवा. दोन्ही डब्यांत सारखाच हलला पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या जेबीएलमध्ये कंपनीचा संकेतच उलटा होता, धन टोक लाल टर्मिनलला लावलं की कोन आत जातो, तेव्हा तो दोष समजू नये. एक बाहेर आणि एक आत असेल तर आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी वायरी उलट्या जोडल्यात. अशी जोडी वाजवली की खर्ज गायब आणि गायक खोलीत कुठे उभा आहे तेच कळत नाही. दोष फुकटात सुटतो, त्यामुळे भाव पाडायला फार छान. ट्वीटरला थेट सेल लावू नका.

त्यानंतर फोनवरच्या टोन जनरेटरने ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, आवाज अगदी कमी ठेवून. मध्येच 'फर्र' झालं तर कडा सुटली आहे किंवा डब्याचा जोड. सूं-सूं आली तर हवा गळते आहे.

गाणं सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच डबा, तोच तुकडा दोन्हीवर. ट्वीटर तपासायला तानपुऱ्याइतकं चांगलं काही नाही. जवारी एका डब्यात झणझणीत आणि दुसऱ्यात ओल्या कापडामागून आल्यासारखी वाटली तर तो ट्वीटर मंद झालाय. ऐंशीच्या दशकापासूनच्या पुष्कळ ट्वीटरमध्ये कॉईलच्या फटीत फेरोफ्लुइड नावाचं चुंबकी तेल असतं, ते सुकून डिंक होतं. वूफरसाठी डग्ग्याची मींड ऐका: स्वर खाली सरकताना मध्येच एखादा फुगतो का? मधल्या पट्ट्यासाठी हार्मोनियम. शेवटी दोन्ही डबे मोनोमध्ये लावून बरोबर मधे बसा. आवाज नाकासमोर यायला हवा. डावीकडे किंवा उजवीकडे ओढला जात असेल तर मागच्या वायरींची अदलाबदल करा. कल बाजू बदलला तर दोष अ‍ॅम्पचा, नाही बदलला तर स्पीकरचा.

घुमारा

वरचं सगळं मान्य. आता तुमच्या तीन जोड्यांकडे येतो.

'अ' मधला मुका गोल जळलेला नाही! डिटन १५ मध्ये दोनच ड्रायव्हर वाजतात, ८ इंची वूफर आणि एचएफ१३०० ट्वीटर. तिसरा गोल म्हणजे एबीआर, त्याला चुंबक नाही, कॉईल नाही, वायरसुद्धा जात नाही. डबा बंद असतो, वूफर आत गेला की आतली हवा या गोलाला बाहेर ढकलते, आणि खर्जाच्या पट्ट्यात तोच हवा हलवतो. विक्रेत्याला हे माहीत नाही, ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. शिवाय त्यामुळे एक फुकटची परीक्षा मिळते: वूफर हलक्या हाताने आत दाबा, एबीआर लगेच बाहेर यायला हवा, आणि वूफर दाबून धरलात तर एबीआरही काही क्षण तसाच थांबायला हवा. आला नाही, किंवा लगेच परत गेला, तर डबा कुठेतरी गळतोय. जागा ठरलेल्या: वूफरमागची गॅस्केट, मागचं टर्मिनल, तळाचा जोड.

एचएफ१३०० जळलेला असेल तर मात्र विचार करा. हा ट्वीटर त्या काळी ब्रिटनमध्ये स्पेंडॉर बीसी१ सारख्या नावाजलेल्या स्पीकरमध्येही होता, त्यामुळे सुटा मिळाला तरी मागणी मोठी आणि भाव त्या प्रमाणात. घुमटावर चकती आहे, बोटाने दबलेला नसणार. मोजून घ्या आणि दोन्हीचं वाचन जुळतं का बघा. तुमच्या गाण्याला आणि खोलीला तिघांत हीच जोडी बसते. ११,००० मात्र देऊ नका. 'एक गोल जळलाय' हे तोच म्हणतोय ना, मग त्या हिशोबाने बोला. किंवा खरं सांगा आणि मग बोला, ते तुमच्या मनावर.

'ब' बद्दल स्पष्ट लिहितो. कोरीव जाळीचे ते जपानी डबे दिसायला देखणे, आणि ते दिसण्यासाठीच केलेले. अमेरिकेतल्या शौकिनांनी त्यांना 'काबुकी' असं नाव पाडलंय. आत चार ड्रायव्हर असले तरी बऱ्याच मॉडेलमध्ये क्रॉसओव्हर (सूर ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट) म्हणजे ट्वीटरमागे एकेक कंडेन्सर, वूफर पूर्ण मोकळा. त्यामुळे मधल्या पट्ट्यात तीन ड्रायव्हर एकाच वेळी बोलतात आणि गायकाचा आवाज पसरट होतो. १० बाय १२ मध्ये १५ इंची वूफरपासून तुम्ही बसणार किती लांब? सात फूट. डग्गा घुमेल, पण ठेका कळणार नाही. नॉबची खरखर हा काही मोठा दोष नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवला की बहुधा जाते. अमेरिकन एआर-३ए, एआर-२एएक्स यांच्या मागचे नॉबही असेच गंजतात आणि लोक ट्वीटर जळाला समजून जोडी स्वस्तात टाकतात. ती मिळाली तर सोडू नका. फक्त तुमच्या अ‍ॅम्पकडे बघून, कारण एआर-३ए ४ ओमचा आहे.

'क' ही खरी स्वस्त जोडी. तिच्याबद्दल फोमवाले मंडळी लिहितीलच. पण 'डबे चकचकीत' यावर जाऊ नका. डबा उलटा करा. तळाची कड नखाने दाबा. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात ओली फरशी पुसता पुसता पाणी पितो, फुगतो आणि भुसा होतो. तो परत बसत नाही. वरचा लॅमिनेट शाबूत दिसतो आणि आतून खेळ खलास. पोर्टमधून (डब्याच्या हवेच्या भोकातून) टॉर्च मारून बघा: वाळवीची मातीची नळी, झुरळांची अंडी, उंदराने ओढलेली लोकर. झुरळं निघतात, वाळवी असेल तर डबा घरात आणूच नका, तुमच्या दारांच्या चौकटीही जातील.

डबा गेलेला पण ड्रायव्हर खणखणीत, असं असेल तर डबा नवा करता येतो: १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लाय, आतलं माप तंतोतंत तेच. ३० बाय २५ बाय ४५ सेंटिमीटर म्हणजे पावणेचौतीस लिटर, सुतार बोर्डाची जाडी विसरला की हा आकडा लगेच बदलतो. पोर्टचा व्यास आणि लांबीही तीच ठेवायची. ड्रायव्हर एकमेकांपासून आणि कडेपासून आधी जितके होते तितक्याच अंतरावर.

नजर ठेवण्यासारखी आणखी काही नावं. व्हार्फडेल डायमंड छोट्या खोलीला झकास, पण 'डायमंड' हे एक मॉडेल नाही, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत त्याच्या पिढ्यांवर पिढ्या आल्या. मागच्या पट्टीवरचा आकडा बघून बोला. यामाहा एनएस-१०एम, पांढऱ्या कोनचा, १९७८ पासूनचा: जगभरच्या स्टुडिओंत बसला, म्हणून नाव मोठं. घरी ऐकायला वरचा मधला पट्टा टोचतो. ख्यालाला नको. बोस ९०१ मध्ये नऊ ड्रायव्हर, आठ मागे आणि एक पुढे, आणि सोबत इक्वलायझरचा वेगळा डबा लागतोच. 'इक्वलायझर हरवलाय' असं ऐकलं की निघा. आणि कोणी १५ हजारांत बीबीसीचा एलएस३/५ए देऊ करत असेल तर आत केईएफ कंपनीचे टी२७ ट्वीटर आणि बी११० वूफर आहेत का ते उघडून बघितल्याशिवाय पाकीट काढू नका. नुसती पाटी चिकटवायला दहा रुपये लागतात. मोठ्या कंपनीची पाटी लावलेले 'असेंबल' डबे जुन्या बाजारात रांगेने दिसतात. लॅमिंग्टन रोड काय किंवा पुण्यात मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा जुना बाजार काय, सुटा ड्रायव्हर घ्यायला जा, जोडी घ्यायला नको. तिथे मोजू देतात, वाजवू देत नाहीत.

कोनकॉईल

'क' बद्दल. फोम गेलेला असणं हा दोष नाही, तो भाव आहे. बाकी वूफर घासत नसेल तर ४,५०० चे ३,००० करा आणि कडा बदला.

रिपेअरवाल्याकडे नेताना एक वाक्य पाठ करून जा: 'फक्त कडा बदलायची आहे, कोन नाही.' नाहीतर पुष्कळ ठिकाणी कोन, कॉईल, स्पायडर (कोनाला मागून मधोमध धरणारी चुणीदार चकती) सगळं काढून जे हाताशी असेल ते बसवून देतात. वाजतं, पण तो वूफर मग तो राहत नाही. कोनाचं वजन बदललं की अनुनादाची वारंवारता बदलते आणि डबा-क्रॉसओव्हरचा हिशोब बिघडतो. दुसरी खोड म्हणजे फोमच्या जागी लाउडस्पीकरची कापडी कडा लावणं. 'साहेब, आयुष्यभर टिकेल.' टिकेल की, पण कडक असते, खर्ज वरच्या वर कापला जातो. फोमच्या जागी त्याच मापाचा फोम किंवा तितकंच मऊ रबर. आणि नेहमी दोन्ही वूफर एकदम.

माप '८ इंची' एवढं सांगून चालत नाही. चार मापं घ्या: कडेचा बाहेरचा व्यास, गोलाईचा बाहेरचा व्यास, गोलाईचा आतला व्यास आणि कोनाला चिकटणाऱ्या पट्टीचा आतला व्यास. गोलाईची दोन मापं २ मिलिमीटरहून जास्त चुकली तर कडा ओढली जाते किंवा चुणते.

स्वतः करायचं असेल तर क्रम असा. वूफर काढायच्या आधी वायरींचा फोटो घ्या आणि वूफर कुठल्या बाजूला वर होता त्याची खूण करा. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बोथट पातीने काढा. चौकटीवर कण राहिला तर नवी कडा तिथेच सुटते. कागदी कोनावर अल्कोहोल थोडं, कापसाने. पॉलिप्रॉपिलीन कोनावर थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका.

कागदी कोनाला पांढरा फेविकॉल चालतो, उलट बराच: तो सावकाश धरतो, सरकवायला वेळ देतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. पॉलिप्रॉपिलीनवर तो पापुद्र्यासारखा निघून येतो, तिथे रबरी चिकटपदार्थच हवा, तो लगेच पकडतो, म्हणून हात बसलेला नसेल तर असा वूफर रिपेअरवाल्यालाच द्या. इन्स्टंट ग्लू कुठेच नको. चुकलं तर सुटत नाही आणि कडेजवळ कडक रेघ तयार होते.

आधी कडा कोनाला चिकटवा, पूर्ण सुकू द्या, रात्रभर. मग चौकटीला. या दुसऱ्या टप्प्यावर कॉईल मधोमध आणायची असते. दोन पद्धती आहेत. मधली टोपी कापून कॉईल आणि मधल्या खांबाच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या खोचायच्या, सुकल्यावर काढायच्या आणि टोपी परत चिकटवायची. ही पद्धत कधीच फसत नाही, पण टोपीवर व्रण राहतो. दुसरी: टोपीला हात लावायचा नाही, अ‍ॅम्पवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडायचा, कोन ३-४ मिलिमीटर हलेल एवढाच, आणि डिंक ओला असताना कडा किंचित इकडेतिकडे सरकवत खरखर जिथे बंद होते तिथे सोडायची. मग कपड्यांच्या चिमट्यांनी चौकटीवर दाबून २४ तास हात लावायचा नाही. डिंक अर्धवट सुकलेला असताना 'बघू तरी वाजतोय का' म्हणून मोठ्याने लावला की केंद्र सरकतं. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

परत बसवताना वूफर अर्धा फेरा फिरवून, म्हणजे जुनी वरची बाजू खाली करून बसवा. वर्षानुवर्षं एकाच दिशेने लोंबून आतला स्पायडर खाली बसलेला असतो.

सोल्डरगन

कंडेन्सरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मिलीओहम यांच्या यादीत न मावणारी गोष्ट अशी, की ट्वीटर मंद वाटला की लगेच फेरोफ्लुइडला दोष देऊ नका, आधी कंडेन्सर बघा.

जुन्या क्रॉसओव्हरमध्ये बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. वयाने त्यांची किंमत बदलते आणि आतला रोध वाढतो. हिशोब साधा आहे. १,५९,००० ला ओम गुणिले मायक्रोफॅरडने भागलं की कापाची वारंवारता येते, म्हणजे जिच्या वरचे सूर ट्वीटरकडे जातात ती. ८ ओम आणि ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ४,२०० हर्ट्झ. तोच कंडेन्सर ६.५ मायक्रोफॅरड झाला तर ३,०५० च्या आसपास. म्हणजे ट्वीटरकडे त्याला न झेपणारा खालचा पट्टा जाऊ लागतो आणि तो एखाद्या दिवशी जातो. उलट किंमत कमी झाली किंवा रोध वाढला तर आवाज दबतो.

माझा नियम: मोजून बदला, सवयीने नाही. एक पाय सोडवून कपॅसिटन्सच्या मीटरवर बघा. छापलेल्या आकड्यापासून १० टक्क्यांच्या आत असेल आणि दोन्ही डबे सारखे वाजत असतील तर राहू द्या. बदलायचेच तर दोन्ही डब्यांत बदला. क्रॉसओव्हरमधल्या कॉइल्सना हात लावू नका, त्या म्हातार्‍या होत नाहीत.

महागडे ऑडिओ कंडेन्सर या बजेटमध्ये नकोत. छताच्या पंख्याचा कंडेन्सर असतो ना, २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरडचा, तो मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. दोन २.५ चे समांतर जोडले की ५. आकाराने मोठा, म्हणून केबल टायने बांधा, नाहीतर डब्यात खडखडतो. त्याहून मोठी किंमत, २०-३० मायक्रोफॅरड, लागली तर नवा बायपोलर इलेक्ट्रोलिटिकच लावा. बायपोलर मिळाला नाही तर दोन साधे, ऋण टोकाला ऋण टोक जोडून: ४७ चे दोन असे जोडले की २३.५ होतात.

एक सावधगिरी. इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा थोडा रोध मूळ डिझाइनमध्ये धरलेला असतो. त्या जागी फिल्मचा आला की ट्वीटर किंचित पुढे येतो, 'स' टोचायला लागतो. तसं झालं तर कंडेन्सरसोबत मालिकेत ०.३३ किंवा ०.४७ ओम, ५ वॉटचा रोधक घाला.

मिलीओहम

पंख्याच्या कंडेन्सरवर हरकत नाही, पण नवाच घ्या. पंख्यातून काढलेला नको. पंखा हळू फिरू लागला म्हणूनच तो काढलेला असतो.

खर्ज_ठाणे

सगळ्यांचे आभार. 'अ' बघून आलो, मीटर घेऊन. वायरींचा रोध वजा करून आकडे देतो. वूफर, मागच्या टर्मिनलवरून: डावा ६.४, उजवा ४.१. वूफर दाबला की दोन्हीकडे एबीआर बाहेर येतो. कोन कुठेच घासत नाही. दोन्ही ट्वीटर बाहेर काढून मोजले, वाचन जुळतं. विक्रेता आता ८,५०० वर आला आहे. उजव्याच्या ४.१ चं काय समजायचं?

मिलीओहम

टर्मिनलवरचं वाचन म्हणजे वूफर अधिक क्रॉसओव्हर. वूफर ट्वीटरपेक्षा बाहेर काढायला सोपा, तेव्हा परत जा आणि त्याची एक वायर सोडवून थेट वूफरवर मोजा.

थेट मोजल्यावर ६.४ च्या आसपास आलं तर वूफर ठीक आहे आणि क्रॉसओव्हरमधला समांतर कंडेन्सर गळतो आहे, डीसी त्याच्यातून वाट काढतोय. तो बदलला की काम झालं, ८,५०० योग्य. थेट मोजूनही ४.१ आलं तर कॉईलचे काही वेढे आपसात शॉर्ट आहेत किंवा कोणीतरी दुसऱ्या रोधाची कॉईल भरली आहे. कोन घासत नाही म्हणजे दुसरी शक्यता जास्त. तुमच्या अ‍ॅम्पला तो डबा ८ ओमचा राहत नाही आणि दोन डबे कधीच सारखे बोलणार नाहीत. चुंबकाची पाठ बघा: दोन्हीवर छाप, रंग, डिंकाची रेघ सारखी आहे का? नसेल तर ६,००० च्या वर जाऊ नका, आणि गेलातच तर एक सुटा मूळ वूफर मिळवायची तयारी ठेवा.

घुमारा

घेतलीत तर कुरिअरने मागवू नका, स्वतः आणा. फेराइटचं चुंबक चौकटीला डिंकाने चिकटवलेलं असतं, पन्नास वर्षांच्या डिंकाला एक आपटी पुरते, चुंबक दोन मिलिमीटर सरकतं आणि कोन जागीच अडकतो. गाडीत डबे पाठीवर झोपवायचे, ड्रायव्हर वर तोंड करून, खाली गोधडीची दुहेरी घडी. ट्वीटरवर पुठ्ठ्याची वाटी चिकटपट्टीने, घुमटाला न टेकणारी. एसटीच्या डिकीत टाकायचे नाहीत, शेजारच्या सीटचं तिकीट काढा.

खोलीत आणल्यावर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कान आणि ट्वीटर एका उंचीला. समोरच्या उघड्या भिंतीवर तीच गोधडी टांगा. फरशीवर दोन डब्यांच्या पुढे सतरंजी.

सोल्डरगन

आणि उजवा डबा उघडलाच आहात तर क्रॉसओव्हरवरच्या सोल्डरच्या डागांवर टॉर्च मारा. पायाभोवती काळी गोल चीर दिसली तर आधी तो डाग पुन्हा तापवून मोजा, मग कंडेन्सर काढा.